अंडी लिहिणाऱ्या म्हातारीच्या घरी

सगुणा अंड्याला हात लावत नसे. बाई वेंगुर्ल्याकडची. सुरमईचं तिखलं डोळे मिटून करायची, कोंबडी-वड्यांना पदर खोचून उभी राहायची. पण अंडं फोडायची वेळ आली की ओट्यापासून मागे सरायची. शारजा-दुबईत तिने ज्या ज्या घरी काम केलं, तिथे ती "अलर्जी आहे मॅडम" एवढंच सांगायची. खरं कारण सांगितलं असतं, तर कुणी तिला घरात ठेवलं असतं की नाही, कोण जाणे.

तिचा नवरा रामेश्वर मासेमारीला जायचा. एका पहाटे होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, त्याला अंडं दिसलं. कुंकू फासलेलं, खाली काळी फडकी, बाजूला लिंबू. असला उतारा तिठ्यावर ठेवतात, होडीवर कुणी ठेवत नाही. बाकीचे खलाशी मागे झाले. रामेश्वरने ते वल्ह्याने खाडीत लोटलं आणि म्हणाला, "खंयच्या तरी कोंबडेचो नुकसान झालो." सगळे हसले. त्याच खेपेला होडी परत आली, खलाशी परत आले, रामेश्वर आला नाही. जाळं ओढताना तोल गेला, एवढंच ते सांगत राहिले. समुद्राने त्याला परत दिलंच नाही. अंडं कुणी ठेवलं तेही कधी कळलं नाही.

मूलबाळ नव्हतं. नणंद मनालीच्या ओळखीतून व्हिसा मिळाला आणि सगुणा आखातात आली. चार घरं फिरून शेवटी दुबई मरीनाच्या एका उंच टॉवरमध्ये एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायच्या कामावर लागली.

म्हातारी युक्रेनची होती, कार्पाथियन डोंगरांतल्या एका खेड्यातली. तिकडे लढाई सुरू झाली तेव्हा लेकीने, दारिनाने, तिला इथे आणलं. दारिना जहाजांना इंधन पुरवणाऱ्या एका कंपनीत होती, आठवड्यातले दोन-तीन दिवस फुजैराच्या बंदरावर असायची. तिने पहिल्याच दिवशी हिंदी-इंग्रजी मिसळून सांगितलं, "तिला बाबा म्हण. आमच्याकडे आजीला बाबा म्हणतात." सगुणाला हसू आलं. म्हातारीला बाबा! पण दोन दिवसांत तोंडात बसलं.

सगुणाला आणि बाबाला एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यासाठी दारिनाने मोबाइलमध्ये सोय करून दिली होती. बाबा तिच्या भाषेत बोलायची आणि क्षणभराने मोबाइलमधून एक तरुण बाई पुस्तकी मराठीत सांगायची, "मला गरम पाणी हवे आहे." त्या आवाजाला ना राग, ना माया. सगुणा तिला 'मोबाइलवाली' म्हणायची. कधीकधी तिला वाटायचं, घरात आपण दोघी नाही, तिघी आहोत.

हॉलच्या कपाटात काचेचं एक मोठं भांडं होतं. पहिल्याच आठवड्यात पुसताना ते कलंडलं आणि आत खडखड झालं. वाळलेल्या शेंगेत बिया वाजाव्यात तसं. सगुणाने वाकून पाहिलं. आत अंडी होती. लाल, काळी, पिवळी, अंगभर बारीक रेघा, हरणं, सूर्य, शिड्या. तिने फडकं टाकलं आणि थेट आपल्या खोलीत जाऊन बसली.

संध्याकाळी दारिनाने समजावलं, "घाबरू नकोस. ती पोकळ केलेली नाहीत. कच्चीच रंगवतात आणि वर्षानुवर्षं ठेवतात. आतलं सुकून खडा होतो, तोच वाजतो."

सगुणाने मान डोलावली. पण त्यानंतर त्या कपाटाकडे पाठ करून ती कधी बसली नाही.

मार्च लागला तशी बाबा बदलली. एरवी खिडकीशी बसून खालच्या बोटी बघणारी म्हातारी आता घरभर फिरू लागली. तिने ट्रंकेतून मेणाचा गोळा काढला, रंगांच्या पुड्या काढल्या, आणि टोकाला पितळेची बारीक तोटी बसवलेल्या लाकडी कांड्या काढल्या. मग मोबाइल पुढे धरून बोलली. मोबाइलवाली म्हणाली, "आता मी अंडी लिहिणार आहे. मला जिवंत अंडी हवी आहेत."

अंड्यावर नक्षी काढण्याला त्यांच्याकडे लिहिणंच म्हणतात. जिवंत म्हणजे कोंबडा असलेल्या खुराड्यातली. सुपरमार्केटमधली चालत नाहीत, त्यात जीव धरायची ताकद नसते, असं बाबाचं म्हणणं. आणि आणखी एक अट. ती आणताना वाटेत कुणाशीही बोलायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.

ही अट सगुणाला ओळखीची वाटली. तिच्या गावातही काही गोष्टी नेताना-आणताना असंच मुकं राहावं लागतं.

बिल्डिंगमध्ये सामान पोचवणारा उमर नावाचा पेशावरी ड्रायव्हर होता. त्याच्या मामाच्या धैदजवळच्या शेतावर कोंबड्या होत्या. त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी बेसमेंटमध्ये टोपली आणून दिली. न बोलायचं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याने नुसता छातीला हात लावला आणि गेला. सगुणाने टोपलीचा दांडा पदराने धरला. लिफ्टमध्ये ती एकटीच होती. तिन्ही बाजूंना आरसे. दार बंद झालं, लिफ्ट वर निघाली आणि पाठीमागून अगदी कानाशी हाक आली,

"गो सगुणाऽऽ."

शेवटचं अक्षर असं लांबवून तिला एकच माणूस हाक मारायचा.

ओ ओठांवर आली होती. तिने दात आवळले, टोपलीतल्या पांढऱ्या अंड्यांवर नजर खिळवली, आणि आरशात एकदाही पाहिलं नाही. दार उघडलं तर बाबा फ्लॅटच्या उंबऱ्यात उभी होती, बेल वाजवायच्या आधीच. म्हातारी सगुणाकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे, लिफ्टच्या आत बघत होती. लिफ्टचं दार मिटेपर्यंत तिने पापणी हलवली नाही. मग डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू केलं आणि सगुणाला मनगट धरून आत ओढलं.

तिने काय पाहिलं ते विचारायचा धीर सगुणाला झाला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या शहनाझने दोघींना बोलावलं. शहनाझ इराणची, दुबईत जन्म गेलेली. रमजान चालू होता, तिचा रोजा होता, पण नवरोजचं टेबल तिने मांडलं होतं. गव्हाचे कोवळे अंकुर, सफरचंद, लसूण, रंगवलेली अंडी. आणि मधोमध आडवा ठेवलेला आरसा, त्यावर एकच पांढरं अंडं.

"बघत राहा," शहनाझ हिंदीत म्हणाली. "माझी आई सांगायची, पृथ्वी एका बैलाच्या शिंगावर आहे. वर्षभर एका शिंगावर तोलतो, दमला की दुसऱ्यावर घेतो. तेच नवं वर्ष. त्या क्षणी अंडं हलतं."

"खरंच हलतं?"

"लहानपणी हलायचं. की आम्हीच टेबलाला धक्का द्यायचो, देव जाणे."

टीव्हीवर नवं वर्ष लागायचा क्षण जवळ आला. आणि अंडं हललं. गडगडलं नाही, नुसतं झोपेत कूस बदलावी तसं वळलं. शहनाझने टाळ्या वाजवल्या, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणा हळूच म्हणाली, "आमच्यात शेषाच्या फण्यावर आहे पृथ्वी. तो हलला की धरणी हलते."

बाबाने हे मोबाइलमधून ऐकलं आणि ती गंभीर झाली. तिचं उत्तर मोबाइलवालीने सपाट आवाजात सांगितलं, "आमचा साप पृथ्वी उचलत नाही. तो फक्त वाट पाहतो."

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. डोंगरात, खडकाला साखळदंडांनी बांधलेला एक साप आहे. दर वसंतात तो आपली माणसं गावोगाव पाठवतो. बायकांनी यंदा किती अंडी लिहिली ते मोजून यायला. पुष्कळ असली तर साखळ्या आवळल्या जातात. थोडी असली तर ढिल्या होतात. "गावातल्या बायका निघून गेल्या," मोबाइलवाली म्हणाली. "कोणी शहरात गेल्या. कोणी मेल्या. अंडी कमी झाली. मग युद्ध आले."

बाबा मेणबत्तीशी बसून लिहू लागली. तोटी ज्योतीवर तापवायची, मेण भरायचं, अंड्यावर रेघ ओढायची. मेण काजळून काळं पडायचं. मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा रेघा, मग लाल, शेवटी काळा. मेणाखाली काय लपलंय ते कळायचंच नाही. शेवटी ज्योतीजवळ धरून मेण पुसलं की आतून सूर्य निघायचा, हरीण निघायचं, क्रूस निघायचा. मेणाचा गोड वास घरभर भरायचा. सगुणा लांबून बघत राहायची. भीती होतीच, पण नजरही हटत नव्हती.

"हा क्रूस आणि हा सूर्य एकाच अंड्यावर कसा?" एकदा तिने दारिनाला विचारलं.

दारिना लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "सूर्य आधीचा. हिवाळा संपला, कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या की लोक सूर्यासाठी रंगवायचे, असं म्हणतात. मग पादरी आले. त्यांनी सूर्य पुसला नाही, शेजारी क्रूस काढला. कवच म्हणजे येशूची कबर, फुटलं की तो उठला. उपवासात अंडी खायची नाहीत, पण कोंबड्या काय थांबतात? ईस्टरपर्यंत ढीग साठायचा. लाल रंग त्याच्या रक्ताचा. कुणी म्हणतं, त्याची आई रडली, तिचे अश्रू टोपलीतल्या अंड्यांवर पडले."

"आणि खरं काय?"

"कुणालाच माहीत नाही, सगुना. कवच टिकत नाही ना. जुन्या थडग्यांत मातीची रंगवलेली अंडी सापडतात, तेवढाच पुरावा." मग हसली. "आणि सापाचं म्हणशील, तर आईने इथे येऊन एवढी अंडी लिहिली, लढाई कुठे थांबली?"

सगुणाने मनालीला फोन लावला. सगळं ऐकून मनाली किंचाळलीच. "गो वैनी, तुका याड लागला काय? लाल अंड्याच्या घरात रवतंस? दादाचा काय झाला इसारलंस? आजच्या आज काम सोड!"

"सोडतंय," सगुणा म्हणाली. "ईस्टर झालो की सांगतंय तेंका."

पण ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी धुळीचं वादळ आलं.

दारिना पहाटेच फुजैराला गेली होती. दहा वाजता समोरचे टॉवर पिवळे झाले, मग तपकिरी, मग दिसेनासेच झाले. भर दुपारी घरात दिवेलागणीचा उजेड पडला. वाऱ्याने टॉवर कण्हायला लागला. बाबाला दोन दिवस बारीक ताप होता, तरी ती हट्टाने टेबलाशी बसली. हे शेवटचं अंडं होतं. त्याच्या पोटावरून ती एक नागमोडी रेघ ओढत होती. या रेघेचं तिने आधीच सांगितलं होतं. जे वाईट येतं ते या रेघेवरून चालत राहतं, बाहेर पडायची वाट शोधत. म्हणून तिला सुरुवात नको, शेवट नको. टोक टोकाला मिळालं पाहिजे.

टोकं बोटभर लांब असताना बाबाचा हात थांबला. कांडी खाली पडली. म्हातारी खुर्चीत एका अंगाला कलंडली.

सगुणाने तिला उचलून सोफ्यावर घेतलं. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. दारिनाला फोन केला, तर ती रस्त्यात अडकलेली. "धुळीत पुढची गाडी दिसत नाहीये. डॉक्टरला फोन करते. तू गोळी दे, ओल्या पट्ट्या ठेव. मी येतेय, यल्ला, चल, फोन चालू ठेव." आणि लाइन तुटली.

सगुणा पट्ट्या ठेवत बसली. टेबलावर मेणबत्ती जळत होती. तिच्याजवळ अर्धवट अंडं, बाजूला मोबाइल, ऐकायच्या तयारीत उघडा राहिलेला. तेवढ्यात कपाटात आवाज झाला.

खड.

तिने मान वळवली. पुन्हा झाला. मग एकाच्या दोन, दोनाच्या अनेक. भांड्यातली सगळी अंडी वाजायला लागली. टॉवर हलतोय, म्हणून वाजतात, तिने स्वतःला सांगितलं. पण ती थरथर नव्हती. थांबून थांबून वाजत होती. कुणीतरी एकेक उचलून, हलवून, पुन्हा खाली ठेवावं तसं. मोजावं तसं.

आणि मोबाइल 'टिंग' वाजला. काहीतरी ऐकलं की वाजतो तसा. मोबाइलवाली शांतपणे म्हणाली,

"दार उघड."

सगुणाने बाबाच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"दार उघड. मी भिजलो आहे."

ती उठली. खरंच उठली. चार पावलं दाराकडे गेलीसुद्धा. तिला वाटलं, एकदाच बघावं. कोण आहे ते नुसतं बघावं. एवढ्या वर्षांत एक हाडूकही हाती आलं नव्हतं. कडीवर हात गेला. कडी ओली होती, आतून.

त्या ओल्या स्पर्शाने ती भानावर आली. वळली, टेबलाशी आली आणि अंडं उचललं. किती वर्षांनी हात लावत होती ती! अंडं कोमट होतं, अंगच्या उबेसारखं. कांडी ज्योतीवर धरली, मेणात बुडवली. मेणाचा थेंब अंगठ्यावर पडला, चटका बसला. गणपतीत, नागपंचमीला कधी रांगोळीची रेघ तुटू दिली नव्हती तिने. श्वास रोखून तिने ती रेघ पुढे नेली, वळवली आणि टोकाला टोक मिळवलं.

खडखड कधी थांबली ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा फक्त वाऱ्याचा आवाज उरला होता.

बऱ्याच वेळाने बेल वाजली तेव्हा ती उठलीच नाही. मग शहनाझचा आवाज आला, "सगुणा, मी आहे! दारिनाचा फोन आला होता मला!" तेव्हा कुठे तिने दार उघडलं. शहनाझच्या हातात थर्मामीटर आणि औषधं होती, पण ती खाली बघत होती.

"हे काय सांडलंय? लिफ्टपासून तुमच्या दारापर्यंत सगळं ओलं आहे."

कॉरिडॉरच्या फरशीवर पाण्याचा पट्टा होता. वास ओळखीचा होता. ओहोटीच्या वेळी खाडीला येतो तो.

मेंटेनन्सवाला आला, एसीचं पाणी गळलं असेल म्हणाला, छत ठोकून बघितलं. गळती कुठे सापडली नाही. "खलास, सुकलं ना," म्हणून गेला.

बाबाचा ताप रात्री उतरला. सकाळी तिने ते अंडं हातात घेऊन फिरवलं. एका जागी रेघ जाड होती, वळण वेगळं होतं. तिने सगुणाकडे पाहिलं. सगुणाचा बांध फुटला. मोबाइलसमोर बसून ती रडत रडत सगळं बोलली. होडी, कुंकवाचं अंडं, लिफ्टमधली हाक, ओली कडी. शेवटी म्हणाली, "तो माझा घोव असलो तर? मी त्येका भायर ठेवलंय."

मोबाइलवालीला ती मालवणी किती कळली कुणास ठाऊक. पण बाबाला कळलं. तिने सगुणाचा भाजलेला अंगठा आपल्या तळव्यात घेतला आणि सावकाश बोलली.

"मेलेले काही मागत नाहीत. मागणारे दुसरे असतात. ते आपल्या माणसाचा आवाज घालून येतात."

सगुणाने काम सोडायचं सांगितलं नाही. त्या रविवारी ती बाबाची टोपली घेऊन जेबेल अलीच्या चर्चमध्ये गेली, पादऱ्याने टोपलीवर पाणी शिंपडलं तेव्हा मागे उभी राहिली. घरी आल्यावर बाबाने टोपलीतली उकडलेली लाल अंडी सोलली, पण कवचं टाकू दिली नाहीत. ती वाहत्या पाण्यात सोडायची असतात, तिने सांगितलं. जगाच्या टोकाला, समुद्रापलीकडे, काही भली माणसं राहतात. त्यांना दिवस-वार कळत नाहीत. कवचं वाहत तिथे पोचली की त्यांना कळतं, इकडे वसंत आला, सगळे ठीक आहेत.

"ती माणसं कुठे राहतात?" सगुणाने विचारलं.

दारिना म्हणाली, "आमच्याकडे त्यांना रहमान म्हणतात. काही लोकांचं म्हणणं, तो मूळ शब्द ब्राह्मण. म्हणजे ती तुमच्याच देशात राहतात." आणि पहिल्यांदाच ती थट्टेने हसली नाही.

पुढच्या शुक्रवारी दारिनाने दोघींना गाडीत घालून फुजैराला नेलं. तिथून पुढे उघडा समुद्र, थेट कोकणापर्यंत. लांबवर जहाजं इंधनासाठी रांगेत उभी होती. लाटा किनाऱ्याकडे येत होत्या. सगुणा गुडघाभर पाण्यात गेली आणि ओंजळीतली कवचं सोडली. तिला वाटलं, पहिल्याच लाटेसरशी पायाशी परत येतील. ती आली नाहीत. लाटा आत येत राहिल्या आणि लाल ठिपके एकामागून एक, त्यांच्या उलट, बाहेर जात राहिले. दारिनाने चष्मा काढून पाहिलं. सगुणा पाण्यातच उभी राहून नवऱ्यासाठी रडली. त्याच्या जाण्यानंतर लोकांसमोर खूप रडली होती. हे रडणं वेगळं होतं.

बाबा त्यानंतर फार जगली नाही. थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी खिडकीशी बसल्या बसल्या गेली. दारिना तिला तिच्या डोंगरात पोचवायला निघून गेली आणि परतली ती फक्त घर आवरायला. सगुणा तिला भांडी बांधू लागली, पडदे उतरवू लागली, आणि विमानतळावर दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

आता सगुणा शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहे. सकाळी कामगारांची रांग लागते. त्यात तिच्या बाजूचाही एक आहे, भिवा, सावंतवाडीचा वेल्डर. "वैनी, माझा आमलेट जरा करपव गो," तो ओरडतो. आणि सगुणा तव्याशी उभी राहून एका हाताने अंडं फोडते आणि दुसऱ्या हाताने त्याची ताटली पुढे ओढते.